वहीच्या कडेचं

धाराशिवच्या कॉलेजांतून मला अजून भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो: लहान गावात राहून इंटरनेटवर व्यवसाय कसा उभा करावा. शाल, नारळ, फोटो आणि शेवटी प्रश्न. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?" मी म्हणालो, "सुरुवातीला स्वस्तातला सर्व्हर घेतला." हॉल हसला. मीही हसलो. हे उत्तर आता पाठ झालं आहे, आणि खरं उत्तर द्यायची सोय माझी मीच बंद करून ठेवली आहे.

आम्ही तुळजापूरचे पुजारी. कुठल्या गावचं कुठलं घर कुठल्या पुजाऱ्याकडं उतरणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि ते लिहिलेलं असतं वह्यांमध्ये. एका घराला एक पान. सून आली, मूल झालं, कुणी गेलं, की पुढच्या खेपेला ते पानावर चढतं. आमच्या वह्या लाल कापडात बांधून वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, बसण्याच्या जागेमागच्या कपाटात असायच्या. अण्णांची एक जास्तीची सवय होती. आमच्याकडं उतरणारा यजमान देवीला काय नवस बोलला ते ते कडेच्या समासात बारीक अक्षरात टिपून ठेवत. दोन वर्षांनी तो माणूस उंबऱ्यात आला की अण्णा विचारणार, "काय म्हणतोय थोरल्याचा पाय?" माणूस पाणावल्या डोळ्यांनी बघत राहायचा, एवढ्या गर्दीत यांना माझं लेकरू लक्षात आहे! लक्षात बिक्षात काही नसायचं. तो पायातली चप्पल काढेपर्यंत अण्णांनी पान बघितलेलं असायचं. पण टिपलेलं मात्र कधी चुकायचं नाही. "माझ्या वहीत खोटी ओळ नाही," हे ते अगदी सहज म्हणत.

पुण्यातली माझी नोकरी गेली तेव्हा मी घरी आलो आणि महिनाभर त्या वह्यांकडं बघत बसलो. मग डोक्यात आलं ते आलंच. आडनाव आणि गाव टाका, तुमच्या घराचं पान मोबाईलवर समोर. मी रोज थोड्या थोड्या पानांचे फोटो काढायला लागलो. अण्णा एकदा म्हणाले, "कडेचं तर घेत नाहीस ना?"

"कडेचं कोण वाचतंय, अण्णा," मी म्हणालो, आणि पान सरळ करून फोटो काढला.

साइट चालली, लई चालली. लोक पणजोबांची सही बघून फोन करायचे आणि फोनवरच रडायचे. पेपरात फोटो आला. मग बाकीचे पुजारी बिथरले. हा आपले यजमान पळवणार, घराण्याची वही बाजारात मांडली, असं म्हणून त्यांनी बैठक बोलावली. तिथं मी उंटावरचा शहाणा उभा राहून माहितीच्या स्वातंत्र्यावर बोललो. वर्षभर गल्लीत आमच्याशी कुणी धड बोललं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. विरोध झाला की आपण मोठे झालो असं वाटतं, आणि पेपरवाल्यांनाही बातमी मिळते. अण्णा मात्र त्या वर्षभरात वाकले. ज्यांच्याबरोबर जन्म काढला ते समोरून मान वळवून जात होते.

मग ती बाई आली. तिच्या घरच्यांनी हे वाचलं तरी आपलं घर त्यांना ओळखू येणार नाही, एवढी खबरदारी आता घेतली आहे. तेव्हा घेतली नव्हती.

सकाळच्या एसटीनं ती एकटीच आली होती. दरसाल यायची ती सासूबरोबर. चाळिशीच्या आतबाहेरची, दोन मुलींची आई. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता तो परत आला नव्हता. ही दरसाल अनवाणी येऊन खणानारळानं ओटी भरते, नवऱ्याची वाट बघते, म्हणून सासरी तिला मान होता. सासू तिच्या हातचं खायची, दिरानं जमिनीत तिचा वाटा राखला होता. तिनं मोबाईल पुढं केला. त्यावर आमच्या वहीचं पान होतं, आणि कुणीतरी कडेच्या ओळीभोवती लाल गोल काढला होता. अक्षर अण्णांचं: 'धनी मारतो. निघून गेला आहे तो परत येऊ नये. न आल्यास दरसाल ओटी.'

"भावकीतल्या पोरीनं पान हुडकलं," ती म्हणाली. "आता समद्या गावाच्या मोबाईलवर हाय. सासूनं चार दिस झाले तोंडात पानी घेतलं न्हाय."

मी लगेच लॅपटॉप काढला आणि पान उडवलं. दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत मला वाटत होतं की मी काहीतरी करतो आहे. पण पान माझ्या साइटवर राहिलंच नव्हतं, ते लोकांच्या खिशात गेलं होतं.

ती माझ्याकडं बघतही नव्हती. ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, तुमी येऊन सांगा, लिव्हताना चुकलं म्हणून. दुसरीच्या नावाचं माझ्यापुढं लिव्हलं म्हणा."

अण्णांनी मोबाईलवरची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बाई, माझ्या वहीत खोटी ओळ नाही."

"व्हय. म्हनूनच तुमचं ऐकतील."

"देवीच्या नावाची वही आहे ती."

"मंग देवीलाच इचारा, म्या पोरींना घेऊन कुठं जाऊ?"

अण्णा उठले, आत गेले, टोपी घालून बाहेर आले आणि मला म्हणाले, "गाडी काढ." गाडीच्या मागच्या काचेवर माझ्या साइटचं नाव मोठ्या अक्षरात होतं. त्या गाडीतून त्या गावात शिरताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

गावातल्या पारावर माणसं जमली. सासूला धरून आणून बसवलं. अण्णांनी हात जोडले. पंचेचाळीस वर्षं लोकांनी ज्यांच्यापुढं हात जोडले, ते माझे वडील हात जोडून म्हणाले, "वय झालं माझं. दुसऱ्या एका बाईचा नवस हिच्या नावापुढं पडला. हिनं मालक परत यावा म्हणूनच मागितलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं आहे." आवाज जरासुद्धा कापला नाही. मी खाली बघत होतो.

सासू रडायला लागली आणि तिनं सुनेचा हात धरला. पण दीर शिकलेला होता. तो मला म्हणाला, "तोंडी नको. जितं इज्जत गेली तितंच परत द्या. आत्ता टाका, आमच्या म्होरं."

मी पारावर बसून मोबाईलवर मजकूर लिहिला. पानावरची ओळ चुकीची आहे, ही माउली आपल्या पतीच्या वाटेकडं डोळे लावून बसली आहे, ती दरसाल त्याच्यासाठी अनवाणी येते. दिरानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, एक शब्द बदलायला लावला आणि तिच्या फोटोसकट साइटवर टाकायला लावला. ती बाई सासूजवळ बसून ऐकत होती. गाडीत बसताना मला वाटलं, सुटलो. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पहिल्या पानापेक्षा हा खुलासा जास्त फिरला. लोकांना तो फार आवडला. अशा बायका आता राहिल्या नाहीत, असं लिहून कितीतरी जणांनी तो पुढं पाठवला. दुसरीकडं आमच्या गल्लीतले बाकीचे पुजारी खूश झाले आणि म्हणू लागले, 'ज्या वहीत एक ओळ खोटी, तिच्यातल्या बाकीच्या कशावरून खऱ्या?' यजमान पान उघडायला लावून विचारू लागले, आमचं तरी बरोबर आहे ना? अण्णा म्हणायचे, "बघा तपासून." एवढंच. साइट बंद करावी असं मला रोज वाटायचं. पण बंद केली असती तर का केली ते विचारलं असतं, आणि माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती चालू राहिली. आजही आहे.

पुढच्या नवरात्राच्या आधी ते सगळे आले. सासू पुढं, मागं दीर, आणि दिराच्या शेजारी पांढऱ्या नव्या कपड्यांत एक माणूस. त्यांच्या मागं ती. सासू उंबऱ्यातूनच म्हणाली, "अण्णा, पावली देवी. आलं माझं लेकरू."

त्या माणसानं माझे दोन्ही हात धरले. तो गुजरातेत कुठल्याशा कारखान्यात होता. कुणीतरी त्याच्या मोबाईलवर माझा खुलासा पाठवला होता. त्यानं तो जपून ठेवला होता, मला काढून दाखवला. "दादा, तुमच्यामुळं घरला आलो. मला वाटायचं, कोन आपली वाट बघतंय! वाचलं आन्‌ लई रडलो." तो प्यायलेला नव्हता. वाईट काही बोलला नाही. तो हसत होता, आणि त्याचा हात हवेत उठला की ती अर्धं पाऊल मागं सरत होती. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मी काय बोलणार होतो? जे बोलायचं ते मीच जगाला लिहून दिलं होतं. मला त्या माणसाचा राग आला, त्याहून माझा आला, आणि हात त्याच्या हातातून सोडवून घ्यायचीही हिंमत झाली नाही.

ओटी भरली. नवस फिटला म्हणून सासूनं पेढे वाटले. मग सासूच म्हणाली, "लिव्हा की अण्णा वहीत. सोन्यासारका दिस हाय."

अण्णांनी लाल कापड सोडलं, पान काढलं. कडेची ती जुनी ओळ तिथंच होती. अण्णांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि खाली लिहिलं: 'नवस फिटला.' लिहून झालं, आणि जन्माची सवय, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणखी काही मागणं आहे का, बाई?"

विचारल्यावर त्यांना कळलं आपण काय विचारलं ते. पण विचारून झालं होतं. सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"हाय," ती म्हणाली. "पर ते लिव्हू नका."

सासू हसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "लाजतीया. पोरगा मागत आसंल."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. तेव्हापासून ते कडेला काही लिहीत नाहीत.