कापसाच्या ओळीतले सर

कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा आमच्या घरात एकच साधा फोन होता. त्यावर ऑनलाइन वर्ग कुठला दिसणार? मी अकरावी सोडून आईबरोबर सोनगीरजवळ लोकांच्या शेतात कापूस वेचू लागले. शिकणं आता पुरे, असं आईने ठरवूनच टाकलं होतं.

एके दिवशी आमचे मुख्याध्यापक तोंडाला रुमाल बांधून बांधावर हजर.

"अक्का, काम थांबाडू नका. मी बी येचस," म्हणाले आणि एक ओळ सोडून वाकले. वेचता वेचता भौतिकशास्त्र शिकवू लागले. उत्तर बरोबर आलं तरी विचारायचे, "का बरं?" मग शेतातल्या सगळ्या बाया हसत ओरडायच्या, "का बरं?"

"सर, तुमना कापूसमा पालाच जास्त शे!" आई टोमणा मारायची. ते चष्मा पुसून पुन्हा वाकायचे, आणि जाताना वेचलेला सगळा कापूस तिच्या झोळीत ओतायचे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटलेली दुसरी मुलगी जिथे वेचत असेल, ते शेत.

हंगाम संपेपर्यंत ते येत राहिले. शाळा उघडली तेव्हा आईच मला म्हणाली, "जाय, सर वाट देखी राह्यनात."

मी बारावी झाले, मग बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली.