पुलातली हाक
सुताराने पावसात भिजलेल्या फळ्या आणून भिंतीला टेकवल्या, त्यांचा वास आला आणि अमेरिकेतला तो पूल आठवला. दोन हजार पाचच्या सुमाराला मुलगा तिथे एका विद्यापीठाच्या गावात राहत होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. गावाबाहेर ओढ्यावर जुना लाकडी पूल होता, घरासारखं छप्पर आणि भिंती असलेला. आत गार अंधार, आणि फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या. नात म्हणाली, “आजोबा, आजीला हाक मारा ना, लाउड. इथे एको येतो.” लग्नापासून यांनी मला ‘अगं’ सोडून कधी हाक मारली नव्हती. एकदा तरी नाव घ्यावं असं वाटायचं, पण सांगणार कसं? हे घसा खाकरले आणि चक्क माझं नाव घेऊन ओरडले. सगळ्या पुलात ते घुमलं. “नाऊ युअर टर्न, आजी.” यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलेलं. तोंडातून आलं ते “अहो”, आणि पूलही “अहो” म्हणाला. मुलगा हसून म्हणाला, “बाबा, आता ओ द्या.” आता हे नाहीत. घरात मी सगळ्यांची आई नाहीतर आजी. आज सुताराचं काम संपेपर्यंत मी त्या फळ्यांपाशीच बसून राहिले.