शब्द टाकायचा राहिला

टेलरमास्तर तसे बोलघेवडे, पण ट्रायलच्या वेळी तोंडात टाचण्या धरत, त्यामुळे तेवढा वेळ दुकानात शांतता असे. बायकोला नेमकं हेच खटकत होतं. मुलीनं बिझनेस स्कूलला अर्ज केलेला, तिथले डायरेक्टर दर वर्षी कोट शिवायला यांच्याकडेच येणारे, आणि हा गृहस्थ तोंडात टाचण्या धरून उभा.

"अहो, एक शब्द टाकलात तर जीभ झिजणार आहे का तुमची?"

मुलीनं मात्र बजावलं होतं, "बाबा, कुणापाशी बोलायचं नाही. मिळाली जागा तर माझी मला मिळू दे."

ओळख ही गोष्टच अशी. वापरली नाही तर बायको बोलते, वापरली तर मुलगी. शेवटी बायकोचा धाक जिंकला. डायरेक्टर ट्रायलला आले तेव्हा मास्तरांनी टाचण्या टेबलावर ठेवल्या, खडूनं खांदा आखला आणि घसा खाकरला.

"सर, आमची..."

"थांबा हं, आधी हा फोन बंद करतो," डायरेक्टर वैतागले होते. "जो तो आपल्या पोरांसाठी शब्द टाकतोय. आता नियमच केलाय. ज्याच्यासाठी शब्द आला, त्याचा अर्ज बाजूला. हां, तुमची काय?"

मास्तरांनी आखलेली रेघ पुन्हा एकदा खडूनं गिरवली.

"आमची... इस्त्री बिघडलीय, सर. कोट आठ दिवस उशिरा मिळेल."

एवढं बोलून त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या, त्या डायरेक्टर जिना उतरेपर्यंत काढल्या नाहीत. बायकोला नुसतं "बोललो" म्हणाले.

महिन्याभरानं प्रवेशाचं पत्र आलं. "यांनी शब्द टाकला म्हणून झालं," असं बायको शेजारीपाजारी सांगत सुटली. ते ऐकून मुलीचा चेहरा उतरला. पत्र घेऊन ती तडक दुकानात आली.

"बाबा, सरांशी बोललात तुम्ही?"

"बोललो."

तिनं पत्र टेबलावर ठेवून दिलं. "काय बोललात?"

"इस्त्री बिघडलीय म्हणालो."

मग मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. शब्द टाकायलाच निघालो होतो, हेही लपवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांना स्वतःलाच हायसं वाटलं.

"म्हणजे जागा माझी मलाच मिळाली?"

"तुझी तुलाच."

"तरीच," ती डोळे पुसत हसली, "तो कोट तयार होऊन आठ दिवस चादरीखाली लटकत होता. आता हे आईला सांगा."

मास्तरांनी मुकाट्यानं टाचण्या तोंडात धरल्या.