अकरा दिवसांची शांतता

आमच्या बदलापूरच्या सोसायटीचे वॉचमन कमळाकर भोईर मूळचे चामटोलीचे. राखीव पोलीस दलात एकतीस वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि घरी करमेना म्हणून आमच्या गेटवर येऊन बसले. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. का, ते मी पाच वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी पेपर घेऊन खाली उतरलो. नक्षलवाद्यांच्या एका गटाने महिनाभराची युद्धबंदी देऊ केली होती. आम्ही हल्ले थांबवतो, तुम्ही शोधमोहिमा थांबवा, मग बोलू, असं पत्रक. मी अंबरनाथच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, मला हो किंवा नाही असं उत्तर लागतं. म्हटलं, "भोईर, तुम्ही तिकडे होता ना? हे खरं की डाव?"

"सकाळपासून विचारणारे तुम्ही चौथे, गुरुदत्त साहेब," ते म्हणाले आणि पाण्याच्या टँकरला गेट उघडायला उठले.

तेवढ्यात त्यांची मुलगी तेजस्वी मांजर्लीहून स्कूटीवर आली. तिचा नवरा भावेश त्याच दलात. चार महिन्यांपासून जंगलातल्या एका चौकीवर होता. तिने फोन लावूनच आणला होता.

"बाबा, भावेशशी तुम्हीच बोला. मला नीट काही सांगत नाही तो."

भोईरांना ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर चालू केला. मी निघायला लागलो, तर भोईरांनीच हाताने बसा म्हणून खुणावलं.

"मामा," भावेशचा आवाज आला, "इथं सगळी पोरं खूश आहेत. महिनाभर सुटलो म्हणतायत. काही जण नाक्यावर बुलेटप्रूफ जॅकेट काढून बसायला लागलेत. वरून अजून ऑर्डर नाही. तुम्हाला काय वाटतं?"

भोईर म्हणाले, "आम्हालापण आलं होतं असं पत्रक. वीस-एक वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी झाडाला खिळा मारून लावलेलं. पंधरा दिवस गोळी नाही म्हणून. पहिले तीन-चार दिवस आम्ही कोणी मानलं नाही. मग खरंच काही होईना. माणूस किती दिवस ताठ राहणार? आम्ही नदीवर आंघोळीला जायला लागलो. रोज त्याच वाटेने. अकराव्या दिवशी माझ्या तुकडीतला मिलिंद पुढे होता. मी तंबाखू मळायला थांबलो, म्हणून दहा पावलं मागे राहिलो. सुरुंग त्याच्या पायाखाली फुटला."

तेजस्वीने बापाकडे पाहिलं. घरात हे तिने कधी ऐकलं नसावं.

"म्हणजे पत्रक खोटं होतं," भावेश म्हणाला.

"तेच तर नाही ना. दोन वर्षांनी त्यांच्यातला एक जण शरण आला. त्याला मी एकट्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, पत्रक खरं होतं. लिहिणाऱ्याला खरंच थांबायचं होतं. पण नदीपलीकडच्या टोळीला ते पोचलंच नव्हतं. पोचलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का, तेपण त्याला सांगता येईना. दोन वर्षं मी त्या लिहिणाऱ्याला शिव्या देत होतो. नंतर कोणाला द्यायच्या तेच कळेना."

"मग आम्ही काय करायचं?"

"सही कोणाची आहे ते बघ. त्याचं ऐकणारे किती, ते विचार. आणि कागद वाचत बसू नको. गावातल्या बाया सरपणाला नेहमीच्या रानात जातात का, ते बघ. त्या थांबल्या तर तूपण थांब. तुमच्याकडून गोळी सुटू देऊ नका. आणि जॅकेट काढू नको."

"पण मानायचं की नाही मानायचं, बाबा?" तेजस्वी चिडून म्हणाली.

"मानायचं गं. नाही मानलं तर हे संपणार कधी?" एवढं बोलून ते खुर्चीत मागे टेकले. इतकं दमलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या महिन्यात भावेश रोज सासऱ्याला एक ओळ पाठवायचा. 'बाया गेल्या.' एकोणिसाव्या दिवशी आलं, 'आज गेल्या नाहीत.' भावेशने साहेबांना सांगून गस्त थांबवली. भोईरांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. पण झालं काहीच नाही. रस्ता तपासला, तिथेही काही सापडलं नाही. गावात कोणी वारलं होतं म्हणून बाया थांबल्या होत्या की त्यांना काही कळलं होतं, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. पोरांनी भावेशची चेष्टा केली, ती त्याने ऐकून घेतली.

महिना संपता संपता त्या गटातल्या सात जणांनी हत्यारं खाली ठेवली. उरलेल्यांनी नवं पत्रक काढलं, की ते सात जण गद्दार, आमचा त्यांच्याशी संबंध नाही.

पावसाळ्यात भावेश रजेवर आला, तेव्हा सासऱ्याला भेटायला गेटवर आला होता. मीही तिथेच होतो. त्या सात जणांची झडती त्यानेच घेतली होती. त्यांच्यात एक भोईरांच्या वयाचा माणूस होता. बंदूक ठेवल्यावर त्याने पहिलं हेच विचारलं, की इथे चष्मा मिळेल का, चार वर्षं धड दिसत नाही.

"तुला काय वाटलं त्याला बघून?" भोईरांनी विचारलं.

"राग येईल असं वाटलं होतं, मामा. आला नाही. झोप आली नुसती."

भोईरांनी मान हलवली. चहा मागवला, तो तिघांनी उभ्याउभ्याच घेतला.

भावेशची तिथली नेमणूक अजून आठ महिने होती. रजा संपल्यावर सोमवारी तो परत गेला. तेजस्वी मांजर्लीचं घर बंद करून चामटोलीला आईवडिलांकडे राहायला गेली. भोईर आता सकाळी पेपर आला की बिल्डिंगमध्ये वर पाठवून देतात, स्वतः वाचत नाहीत. युद्धबंदीच्या बातम्या अधूनमधून असतात. मी त्यांना विचारत नाही.