समस्त ग्रामस्थांच्या वतीने

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील धरणग्रस्तांच्या संघटनेत. मोर्च्यात वाटून उरलेली पिवळी-गुलाबी पत्रकं ते पिशवीतून घरी आणत. त्यांवरच मी वाचायला शिकले, त्यांचीच कव्हरं माझ्या वह्यांना. 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार'च्या आधी लिहिता आला.

अकरावीला भोरच्या कॉलेजात गेले आणि पत्रकं मीच लिहू लागले. मागणी एकच, जमिनीला जमीन. 'नोकरीच्या दाखल्यावर आमची बोळवण करू नका,' असं मी ठणकावून लिहिलं. खाली, गावातल्या कुणालाही न विचारता, 'समस्त ग्रामस्थांच्या वतीने'. भोरातले छापखानेवाले चाचा अक्षरांचा एकेक खिळा जुळवत म्हणाले, "दुसऱ्याच्या वतीनं लिहिताना जरा बेतानं, पोरी. लिहितेस तू, पण खाली उभे राहतात ते." मला तो भित्रेपणा वाटला होता.

बारावीनंतर डी.एड.च्या यादीत माझं नाव थोडक्यात हुकलं. धरणग्रस्ताचा तोच दाखला जोडला की राखीव जागा मिळणार होती, आणि शिक्षिका व्हायचं तर मी सातवीपासून ठरवलेलं. पण दाखला घराला एकच. तो एकाच्या नावावर निघतो, बाकीच्यांनी हक्क सोडल्याचं संमतीपत्र द्यायचं असतं. आमच्यात बाकीचे म्हणजे दादा. दहावी करून तो पानशेतच्या एका हॉटेलात पुण्याच्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढत होता. शिकलेल्याच्या हातातच दाखला कामाला येतो, असं वडिलांचं म्हणणं.

आठवडाभर मला स्वस्थ बसवेना. ज्या दाखल्याला मी छापून नाकारलं, तोच आता हात पुढे करून घ्यायचा? मग मी स्वतःला समजावलं, की दाखला भीक नाही, हक्क आहे. पटलंसुद्धा. पत्रकं लिहिणाऱ्याला काहीही पटवून देता येतं.

दादाचं संमतीपत्र मीच लिहिलं. अर्ज द्यायच्या दिवशी वडील आणि मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत गेलो, तोही सुट्टी काढून आला. कचेरीबाहेरच्या बाकावर बसून त्यानं कागदावर बोट ठेवत सावकाश वाचायला घेतलं. 'मी स्वखुशीने' इथं बोट थांबलं.

"ही कुणाची खुशी?"

असं लिहायची पद्धतच असते, मी म्हणाले.

"मला इचारलं व्हतंस?"

नव्हतं. वडिलांनीही नव्हतं.

"सही करतो मी," तो म्हणाला. "तू मास्तरीण झालीस तर लई बरं वाटंल. पर तेवढा शब्द काढ. मलाबी कुठंतरी चिकटायचं व्हतं. शिपाई म्हणून का हुईना."

मी आत जाऊन विचारून आले. त्या शब्दाशिवाय कागद चालणार नव्हता. वडील वैतागले. एका शब्दानं काय होतंय, म्हणाले. दादानं मुकाट्यानं पेनसाठी हात पुढे केला.

मी पेन दिलं नाही. समस्त ग्रामस्थांच्या वतीनं बोलणाऱ्या मला माझ्याच घरातला एक ग्रामस्थ कधी दिसला नव्हता. म्हणून तेव्हा, पहिल्यांदा, मी विचारलं, "दाखला तुला पायजे का?"

त्यानं संमतीपत्राची घडी घालून ते बाकावर ठेवलं. मग म्हणाला, "व्हय. पायजे."

खोटं सांगणार नाही, तो 'नको' म्हणेल अशी मला आशा होती. आतून पेटून उठले. त्याच्यावर, वडिलांवर, घराला एकच दाखला देणाऱ्या त्या नियमावर. मग मी दुसरा कोरा कागद मांडीवर घेतला आणि नावं उलटी करून तोच मजकूर लिहायला लागले. वडील उठून एसटीच्या थांब्याकडं गेले. घरी पोचेपर्यंत, आणि पुढचे कितीतरी दिवस, ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी भोरलाच बी.ए.ला नाव घातलं. मास्तरीण झाले नाही. बरोबर केलं का, हे मला अजून छातीठोक सांगता येत नाही, आणि छातीठोक न सांगण्याची मला सवय नाही.

त्या कागदावर 'मी' लिहून झाल्यावर पेन अडलं होतं. दादा शेजारी बसून बघत होता. "खुशी नसंल तर नको लिवू," तो हळूच म्हणाला.

मी तो शब्द लिहिला, आणि खाली सही केली. फक्त माझी.