माराकेशचा वास

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सुमनताईंना, मोरोक्कोला न्यायचा माझा अजिबात विचार नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावात सगळीकडे असं झालंय की सुनेनं सासूला विमानात बसवलं, परदेश दाखवला, काय गुणाची सून. गुणाची वगैरे काही नाही. जायचं होतं मला आणि ज्ञानेशला, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून. मोरोक्कन स्वयंपाकाचे व्हिडिओ बघून बघून मला वेड लागलं होतं. माराकेशमधल्या एका जुन्या घरात राहायचं, सकाळी बाजारात हिंडायचं आणि दुपारी तिथल्या बाईच्या हाताखाली स्वयंपाक शिकायचा, अशी सहल मी ठरवली होती. निघायच्या तोंडावर ज्ञानेशच्या कंपनीत ऑडिट लागलं. चाकणला ऑडिटसाठी लोक साखरपुडे पुढे ढकलतात, तिथे आमच्या सहलीची काय कथा!

"आईला ने," ज्ञानेश म्हणाला. तो थट्टेनं म्हणाला असणार. पासपोर्ट होता त्यांचा, कारण कंपन्यांना विकलेल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा गावातल्या भजनी मंडळाच्या बायका दुबईला गेल्या, त्यांच्याबरोबर यांनीही तो काढला होता, ऐनवेळी मात्र या गेल्याच नाहीत. खानावळ सोडून ही बाई माहेरीसुद्धा दोन रात्री राहत नाही. नाहीच म्हणणार, अशा खात्रीनं मी विचारलं. त्या गवार मोडत बसल्या होत्या.

"तू ते मोबाइलवर दावलं व्हतंस, मसाल्याचं दुकान, ते तिकडंच हाय ना? एका मसाल्यात तीस-तीस जिन्नस घालत्यात, ते?"

"हो आई."

"मग येते की."

मी कपाळावर हात मारून घेतला.

आईंची खानावळ म्हणजे घरापुढचं पत्र्याचं शेड. जालना, लातूर, नांदेडकडून कंपन्यांत आलेली पोरं शिफ्ट सुटली की तिथे येऊन बसतात. हाताखाली छबूबाई. आमटी, भाकरी, दोन भाज्या आणि रविवारी मटण. चव अशी की पोरं खोली बदलतात, कंपनी बदलतात, पण खानावळ बदलत नाहीत. ज्ञानेशच्या मात्र ती डोळ्यात सलते. वयाच्या साठीत आईनं दुसऱ्यांच्या पोरांना भाकऱ्या थापायच्या, लोक काय म्हणतील, वगैरे. शिवाय एक ट्रान्सपोर्टवाला त्या शेडवर डोळा ठेवून आहे. आईंना साधा खोकला झाला तरी ज्ञानेश म्हणतो, "एक कारण मिळू दे, दुसऱ्या दिवशी कुलूप लावतो." आणि आई म्हणतात, "लाव. मंग मला बी त्यातच कोंड."

त्यांच्या स्वयंपाकाचा एक नियम आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थाची चव घ्यायची नाही, मुद्दाम वाससुद्धा घ्यायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हा नियम सणावारापुरता होता. एरवी आमटीचा थेंब तळहातावर टाकून त्या खुशाल चाटायच्या. मागच्या काही वर्षांत मात्र तो रोजचा झाला. मीठ-तिखट बघायचं काम छबूबाईचं, तेही नैवेद्य झाल्यावर. मी चिडवायचे, "आई, तुमचा देव हल्ली आमटीत फार लक्ष घालायला लागलाय." त्या हसून विषय बदलायच्या. आमची मुलगी मैत्री तेव्हा पहिलीत होती, ती आजीची नक्कल करत भातुकलीतसुद्धा नैवेद्य दाखवायची.

तर मैत्रीला माझ्या आईकडे सांगवीला सोडून आम्ही सासू-सुना माराकेशला पोचलो.

आम्हाला शिकवणारी बाई नईमा. तिला सगळे लल्ला नईमा म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे ताई म्हणतात तसं. पन्नाशीची, भारदस्त, हसली की सगळं अंग हसायचं. ती थोडं इंग्रजी बोलायची, मी त्याचं मराठी करून आईंना सांगायचे. पण त्या दोघींना माझी फारशी गरज नव्हती. हात धुवायला नईमा 'साबून' म्हणाली, तेव्हा आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपल्यातलीच हाय की!" आमच्याबरोबर बेल्जियमच्या दोन बहिणी होत्या, त्या प्रत्येक कांद्याचा फोटो काढायच्या.

मला वाटलं होतं आई बावरतील, भात मागतील. तसलं काही झालं नाही. मला वैताग आला तो त्यांच्या हुंगण्याचा. बाजारात शिरलो की प्रत्येक पोत्यावर वाकायच्या. दालचिनी, वाळलेली गुलाबाची फुलं, जिरं, केशर. नाक पार टेकवून, डोळे मिटून, लांब श्वास. दुकानदार आधी खूश व्हायचे, मग संशयानं बघायचे. घ्यायचं काहीच नाही, नुसतं हुंगायचं. गुलाबाच्या पोत्यापाशी तर आम्ही तीनदा परत गेलो. "आई, लोक बघतायत," मी म्हटलं. "बघू दे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. मला वाटलं, भाव पाडायची ही त्यांची काहीतरी चाकणच्या बाजारातली युक्ती असणार.

स्वयंपाकघरात वेगळीच तऱ्हा. नईमा सारखी चमचा पुढे करायची, चाखून बघा, चाखून बघा. आणि आई मान हलवायच्या. देवाच्या आधी नाही. मी शरमेनं अर्धी झाले. इतक्या लांब शिकायला यायचं आणि चमचा तोंडाला लावायचा नाही, मग यायचं कशाला? नईमाला मात्र ते आवडलं. देवाच्या आधी नाही म्हणते, चांगलं आहे, असं म्हणून तिनं त्यांच्यापुरता चमचा बाजूला ठेवला. मी रागानं कांदा इतका बारीक चिरला की नईमानं माझं कौतुक केलं.

पुढच्या दिवशी तिनं एक मातीची बरणी काढली. त्यात स्मेन होतं. लोणी मिठात घालून महिनोन्महिने मुरवतात आणि चमचाभर रश्शात घालतात. झाकण निघालं आणि मी दोन पावलं मागे सरले. मोजे भिजवून कोंडून ठेवल्यासारखा तो वास. बेल्जियमच्या बहिणींनी रुमाल काढले. नईमा हसायला लागली, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं म्हणाली.

आईंनी बरणी हातात घेतली. तिच्यात नाक घातलं. एक श्वास, दुसरा श्वास. आम्ही सगळ्या बघत राहिलो. मग त्यांनी बरणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चांगला वास हाय. आपल्या लोण्यावानी."

या बाईनं एकदा लोण्याला जरा वास येतो म्हणून भरलं पातेलं गोठ्यामागे ओतलं होतं. आम्हाला कुणाला तो वास आलाही नव्हता. फ्रिज उघडला की कालची कोथिंबीर कुठल्या कप्प्यात आहे ते त्या दारातून सांगायच्या. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण समोर चार माणसं होती आणि मनात आलेलं खरं असू नये असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते नक्की झालं. त्या दिवशी ज्याचं त्यानं आपलं ताजीन करायचं होतं. ताजीन म्हणजे उंच टोकदार झाकणाचं मातीचं भांडं, आणि त्यात शिजलेल्या पदार्थालाही तेच म्हणतात. लाल भोपळा, हरभरे, बेदाणे, दालचिनी. नईमानं बजावलं, झाकण उघडायचं नाही, उघडलं की सगळं बिघडतं. कधी उतरवायचं ते वासावरून ओळखायचं. मी हे आईंना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला दिसलं ते.

त्या आपल्या भांड्यापुढे हात बांधून उभ्या राहिल्या. घरी त्यांना फोडणीचा आवाज असतो, भाजीचा रंग असतो, चाळीस वर्षांची हाताची सवय असते. इथे बंद झाकण आणि परकं भांडं. माझं झालं, मी उतरवलं. बहिणींनी उतरवलं. आईंच्या भांड्यातून करपल्याचा वास यायला लागला. आधी थोडा, मग नाकात जाऊन ठसका लागेल असा. एक बहीण खोकली. नईमानं माझ्याकडे बघितलं, मी आईंकडे. आणि त्या भांड्याकडे अशा बघत होत्या, जशी मैत्री शाळेच्या गॅदरिंगला पडदा उघडायची वाट बघते. चेहऱ्यावर नुसती आशा.

मी पुढे होऊन गॅस बंद केला. "आई, करपलंय."

"व्हय का?" त्या म्हणाल्या. तेवढंच.

नईमानं सगळ्यांना चहाला बाहेर नेलं. शहाणी बाई. आम्ही दोघी गच्चीत जाऊन बसलो, ऊन असूनसुद्धा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"करोनाचा ताप आला व्हता तवापासनं."

"कशाचाच वास येत नाही?"

"कशाचाच न्हाई. खारट, गोड, आंबट जिभेला कळतं. बाकी समदं पुठ्ठ्यावानी लागतंय. राजगुरुनगरच्या डॉक्टरला दावलं मी, छबूला घेऊन गेले व्हते. त्यो म्हनला, लवंगा हुंगा, लिंबू हुंगा, रोज हुंगत ऱ्हावा, येतो कुनाकुनाला परत. लई हुंगलं बाई. मंग तुझ्या मोबाइलवर ते दुकान बघितलं. म्हटलं, तीस जिन्नस एकदम नाकात गेले तर उघडंल की. इथं बी न्हाई आलं तर मंग कुठंच येनार न्हाई."

म्हणजे देव आमटीत लक्ष घालत नव्हता. देवाच्या आड ही बाई इतकी वर्षं लपून स्वयंपाक करत होती आणि मी शेजारी उभी राहून विनोद करत होते. मला राग आला. त्यांचा, माझा, छबूबाईचा, सगळ्यांचा.

"ज्ञानेशला सांगू नगंस. त्यो कुलूप लावील."

"आणि गॅस?" मी जोरात म्हणाले. "शेडमध्ये चार-चार सिलिंडर असतात. गॅस सुटला तर कळेल तुम्हाला?"

"छबू असती."

"पहाटे छबू नसते. मैत्री शाळेतून आली की तुमच्याच पायात असते, आई."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. मलाही त्यांना मिठीबिठी मारता आली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. शेवटी मी म्हटलं, "मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगा."

निघायच्या दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, मसाल्याच्या दुकानात एकदा जाऊन येऊ. दुकानदार आता आम्हाला ओळखत होता. त्यानं तो तीस जिनसांचा मसाला मुठीत चोळून त्यांच्यापुढे धरला. मी चार हातांवर उभी होते, तरी माझ्या डोळ्यांतून पाणी यावं असा घमघमाट सुटला. आईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि तोंडाशी नेला, देवळातला अंगारा घ्यावा तसा. बराच वेळ धरून ठेवला. मग सोडला. "चल," मला म्हणाल्या. त्यांनी मसाला घेतला नाही, मी मागे राहून घेतला. विमानात आम्ही दोघीही झोपेचं सोंग घेऊन बसलो.

घरी आल्यावर आठवडा तसाच गेला. ऑडिट पार पडलं होतं, ज्ञानेश खुशीत होता. मी पहाटे उठून शेडमध्ये जाऊन सिलिंडर बघून यायचे आणि पुन्हा पडायचे. आईंना ते कळत होतं.

रविवारी त्यांनी जाहीर केलं, आज पोरांना तिकडची भाजी. मोठ्या पातेल्यात भोपळा, हरभरे, बेदाणे आणि मी आणलेला मसाला. झाकण न ठेवता, बघत बघत शिजवली. नैवेद्य दाखवला. पोरं ओळीनं बसली, ताटं मांडून झाली, आणि ज्ञानेश मैत्रीला खांद्यावर घेऊन शेडच्या दारात आला.

"आई, काय वास सुटलाय!"

आई डावाला हात लावून उभ्या होत्या. "सुटलाय का?" त्या म्हणाल्या. "मला न्हाई येत, ज्ञानेश. कशाचाच येत न्हाई. त्या तापापासनं."

तो आधी हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. मैत्रीला त्यानं खांद्यावरून खाली घेतलं आणि माझ्याकडे ढकललं. आत जाऊन एकेक सिलिंडर बंद केला. बंद केलेले पुन्हा एकदा तपासले. मला वाटलं होतं त्याला कारण मिळाल्याचा आनंद होईल. पण तो घाबरला होता, लहान मूल घाबरतं तसा.

"उद्यापासून हे बंद," तो म्हणाला.

"उद्याचं उद्या. पोरं बसल्यात, वाढू दे."

आणि त्या वाढायला निघाल्या. पहिल्या पोराच्या ताटात भाजी घातली आणि तिथेच थांबल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी कधी कुणाला जेवण कसं झालंय ते विचारलं नव्हतं.

"वास कसा येतोय रं?"

पोरगं दचकलं. "एक नंबर, मावशी."

"तसं न्हाई. कसा येतोय, ते सांग."

त्यानं ताटावर वाकून वास घेतला. "चांगला येतोय," तो म्हणाला. त्या पुढे सरकल्या, दुसऱ्याला विचारलं. तोही वाकला, त्यालाही सांगता येईना. ओळीतली सगळी पोरं जेवण थांबवून ताटांवर वाकून वास घ्यायला लागली. आई प्रत्येकापुढे थांबत होत्या, वाट बघत होत्या.

ओळ संपली तेव्हा त्या माझ्यासमोर आल्या. माझ्या हातात भाकरीची टोपली होती. मी ती भाजी माराकेशला केली होती, तो मसाला माझ्याच बॅगेतून आला होता.

"सुप्रिया, तू तरी सांग," त्या म्हणाल्या.

मला नाही सांगता आलं.