म्हशींच्या मागचा तुतवार

नाथसागराच्या काठी तीन सकाळी मी चिखलात पालथा पडून होतो. अंगावर हिरवी जाळी, हातात कॅमेरा. उत्तरेकडून वाट चुकून आलेला, वर वळलेल्या चोचीचा तुतवार मी जरा सरकलो की भुर्रकन उडायचा.

चौथ्या सकाळी एक बाई चार म्हशी घेऊन थेट त्याच्याच दिशेने निघाली. काखेत काठी, कमरेला खोचलेला पदर आणि तोंडाने म्हशींशी अखंड भांडण. मी चिडून ओरडलो, "अहो बाई, पक्षी उडेल!"

ती थांबलीसुद्धा नाही. "माझ्यानं नाय उडत. रोजचंच हाय त्याचं."

खुरांनी चिखल उलटला, किडे वर आले आणि तुतवार ते टिपत म्हशींच्या मागे तुरुतुरु धावू लागला, तिच्यापासून चार हातांवर.

"तुम्ही लपता काहून भाऊ?" ती म्हणाली. "लपल्याला समदेच भेतेत. पहिल्या दिशी मीबी भ्याले तुम्हाला. तीन दिस म्हशी पल्याड नेल्या."

मी जाळी काढली आणि उजळ माथ्याने तिच्या मागे चालू लागलो.

फोटो झकास आला. कोपऱ्यात म्हशीचा खूर दिसतो. मित्र म्हणतात, तेवढा काप. मी कापणार नाही. पक्षी त्या खुरासाठी आला होता, माझ्यासाठी नाही.